पुढची खोली, साडेतीन पट

"माझा नवरा आत दाढी करतोय, आणि तू त्याला खुशाल मारून टाकलंस!"

शेजारच्या काकू मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून दबक्या आवाजात फणफणत होत्या. आवाज दबका होता, पण हातातला कागद असा फडफडत होता की तोच ओरडतोय असं वाटावं. "'माझे पती दिवंगत झाल्यापासून मी निराधार आहे.' निराधार म्हणे! सकाळपासून दोनदा चहा झालाय त्या दिवंगताचा. तिसरा मागेल आता."

सुनेने भांडी घासता घासता मान वर केली. "काकू, पेन्शनच्या अर्जात कोणीतरी जावंच लागतं. त्याशिवाय पेन्शन मागायची कशी?"

"मग तुझा घाल की."

"माझा कसा घालू? बाबांचाच मुलगा तो. त्यांच्याकडूनच टाईप करून घेऊ?"

"आणि माझा त्यांना दिसत नाही होय गं? रोज सकाळी फाटकाशी उभे राहून दोघं पेपरातल्या बातम्यांवरून भांडतात!"

सुनेने जीभ चावली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. एरवी असली चूक तिच्या हातून झाली नसती. पण साठ अर्ज लिहून झाल्यावर डोक्यात शिल्लक तरी काय राहणार?

"आणा इकडे," ती हात पुसत म्हणाली. "दुसरं काहीतरी देते उद्या."

"सोपं दे. गटार, पाणी, रस्त्याचा दिवा."

"गटार तीनदा झालं. दिवा दोनदा. पाण्याचं तर मोजायचंच सोडून दिलं मी."

"ते मला सांगू नकोस. पण मरणबिरण नको. आणि टायपिंगचे पैसे सुटे दे हो. गेल्या वेळी नोट दिलीस, तर बाबा पंधरा मिनिटं खिसे उलटे करत बसले होते. मला मेलीला बघवेना."

काकू गेल्या. सुनेने त्या कागदावरून एकदा नजर फिरवली आणि काकूंच्या नवऱ्याला चुलीच्या बाजूच्या डब्यात टाकलं.

तर प्रकरण असं होतं. तिचे सासरे चाळीस वर्षं रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत बसून अर्ज टाईप करत आले होते. रस्त्यावर उघडणारं दार, दाराबाहेर छपराखाली एक लाकडी बाक, आत टेबल, टेबलावर मशीन आणि भिंतीवर पाटी: 'येथे सर्व प्रकारचे अर्ज टाईप करून मिळतील.' 'सर्व प्रकारचे' हे शब्द खरे होते. नोकरीचे, बदलीचे, भाऊबंदकीचे, नळाचे, पेन्शनचे अर्ज त्यांनी टाईप केले होते, आणि एकदा तर एका लाजऱ्या तरुणाचं लग्नाचं मागणंसुद्धा तीन प्रतींत. मग अर्ज फोनवरून करायची सोय झाली. दिवसाला दहा गिऱ्हाइकं यायची ती पाच झाली, पाचाची दोन झाली, आणि मग अशी वेळ आली की बाकावर फक्त मांजर बसायचं, तेही कामापुरतं.

सासरे रोज सकाळी मशीनवरचं कापड काढायचे, संध्याकाळी घालायचे. मग एक दिवस त्यांनी दाढी केली नाही. दुसऱ्या दिवशीही केली नाही. पाचव्या दिवशी मशीनवरचं कापडही काढलं नाही. पलंगाच्या कडेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे, जेवायला हाक मारली की अर्ध्यावर ताट सारायचे आणि म्हणायचे, "आज भूक नाही तेवढी." बाराव्या दिवशी त्यांच्या गालावरचे पांढरे खुंट बघून सुनेला राहवलं नाही. तिने एक कागद घेतला, कोणाची तरी पावती हरवली आहे असा एक अर्ज खरडला, आणि कपडे न्यायला आलेल्या इस्त्रीवाल्याच्या हातात ठेवला. "जरा पुढच्या दाराने जा आणि हा तुझा म्हणून टाईप करून घे. का ते विचारू नकोस."

इस्त्रीवाल्याने विचारलं नाही. मशीन वाजलं. त्या दिवशी सासऱ्यांनी ताट स्वच्छ केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून दाढीची वाटी वाजल्याचा आवाज आला.

त्यानंतर आठवड्याला एक-दोन अर्ज जायला लागले. कधी इस्त्रीवाला, कधी काकू, कधी कोपऱ्यावरचा चाव्या करणारा, जो हाताशी सापडेल तो, "एका ओळखीच्यांचा आहे हो" म्हणत जायचा. लिहायची सून. आठवीनंतर तिची शाळा सुटली होती, पण घरात छापलेलं काही आलं की वाचल्याशिवाय ते ती बाहेर जाऊ देत नसे. मग ती वाण्याची पुडी का असेना. लिहिता लिहिता हात बसला. सुरुवातीचे अर्ज बिचारे होते, 'विनंती आहे की' म्हणून सुरू होऊन 'ही विनंती' म्हणून संपणारे. पुढे पुढे त्यांना रंग चढला. एका बाईने पाणीखात्याला लिहिलं की सासूबाई झोपतात त्याच वेळेला पाणी सोडा, म्हणजे बादली भरताना मला दोन मिनिटं गाता येईल. एका गृहस्थाने रस्त्याच्या दिव्याबद्दल तक्रार केली की तो इतका चांगला चालतो की समोरच्या घरातलं भांडण रात्री अकरापर्यंत स्पष्ट दिसतं. असले अर्ज असले की मशीन मध्येच थांबायचं आणि पुढच्या खोलीतून खोकल्यासारखा काहीतरी आवाज यायचा. खोकला नसायचा तो.

टायपिंगचे पैसे सून द्यायची. संध्याकाळी सासरे तेच पैसे तिच्या हातावर ठेवायचे, "भाजीला घे." त्या चार नाण्यांनी जेवढा प्रवास केला असेल तेवढा त्या घरातल्या कोणी केला नसेल.

नवऱ्याला हे ठाऊक होतं. काकूंना ठाऊक होतं. अर्ध्या गल्लीला ठाऊक होतं. कोणी विचारलं, "काय, दुकान कसं चाललंय?" की घरातलं जो कोणी समोर असेल तो म्हणायचा, "चाललंय." याच्यापुढचं वाक्य कोणी काढत नसे. काढलं तर काय होईल ते सुनेने बारा दिवस बघितलं होतं.

दुपारी घर शांत झाल्यावर ती वही घेऊन बसली. गटार नको, दिवा नको, मरण नको. फळीवर चहाच्या डब्याखाली घरपट्टीचं बिल दाबून ठेवलेलं होतं. दरवर्षी नवरा ते भरायचा, चार शब्द पुटपुटायचा आणि डब्याखाली सारायचा. तिने ते उघडून कधी वाचलंच नव्हतं. छापलेलं असून! तिला स्वतःचाच राग आला.

वाचायला लागली तर बिल मोठं मजेशीर निघालं. आधी खोली आतून मोजायची, भिंतींची जाडी सोडून. लांबी गुणिले रुंदी. त्याला त्या गल्लीचा दर लावायचा. हमरस्त्याला वेगळा, गल्लीबोळाला वेगळा. मग बांधकाम पक्कं की पत्र्याचं, त्याचा एक आकडा. मग घर किती जुनं, त्याची सूट. इथवर सगळं सरळ होतं. शेवटचा रकाना होता 'वापर'. राहायला असेल तर एक पट. दुकान असेल तर साडेतीन पट.

तिने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. पुढची खोली चार मीटर बाय साडेतीन, म्हणजे चौदा. चौदा साडेतीन पटीने एकोणपन्नास. मागचं अख्खं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि बोळ धरून अठ्ठेचाळीस. तिने पुन्हा गुणलं. पुन्हा एकोणपन्नासच. म्हणजे जिथे ते चौघं जेवायचे, झोपायचे, भांडायचे, मुलगी अभ्यास करायची, ते सगळं घर एका पारड्यात घातलं, तरी जिथे एक म्हातारा माणूस एका मशीनसमोर बसून वाट बघतो ती खोली जड भरत होती.

मग काय, लेखणी अशी सुटली की आवरेना. 'महोदय,' तिने लिहिलं, 'ज्या खोलीचं दार आठवड्यातून दोनदा वाजतं तिला आपण दुकान म्हणता. माझ्या स्वयंपाकघरात दिवसातून वीस वेळा माणसं येतात, काही ना काही मागतात आणि घेऊन जातात. त्याला आपण राहती जागा म्हणता. धंदा चालतो की नाही हे न बघता खोली किती लांब एवढंच बघणं म्हणजे माणसाची उंची मोजून त्याचा पगार ठरवणं. आपल्या टेपेला दोष नाही. ती लांबी मोजते. पण एकदा येऊन बघावं, अशी नम्र विनंती.' दुकान कशाचं, ते मुद्दामच लिहिलं नाही. सासऱ्यांना लागायला नको. मात्र क्रमांक नसलेल्या अर्जाला वजन नसतं हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं, म्हणून तिने बिलावरचा खाते क्रमांक सुबक अक्षरात वर टाकला. कोणाचा आहे, हा विचार काही तिच्या डोक्यात आला नाही. एकसष्टावा अर्ज तिला इतका आवडला होता की तिने तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना थोडी लाजली.

दुसऱ्या दिवशी काकू अर्ज घेऊन पुढच्या दाराने गेल्या. टाईप झाला, त्यांनी नेहमीसारखी सही ठोकली, एवढ्यात गॅसवाला आल्याची हाक आली. "मागाहून नेते हो!" म्हणून त्या पळाल्या. संध्याकाळी विचारायला गेल्या तेव्हा सासरे म्हणाले, "तो दिला, काळजी नको." काकूंना वाटलं, सुनेला दिला. सुनेला वाटलं, काकूंकडे आहे. आणि सासरे त्या दिवशी दुपारी इस्त्रीचा सदरा घालून 'मशीनची रिबीन बघून येतो' म्हणून दोन तास कुठे गेले होते, हे कोणी विचारलंच नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, पुढच्या दाराशी एक बाई उभी राहिली. पन्नाशीच्या आसपासची, ठेंगणी, पायात पळायचे बूट, एका खांद्याला पिशवी आणि कमरेला बंदुकीसारखी अडकवलेली स्टीलची टेप.

"घरपट्टी विभाग," त्या म्हणाल्या. "मोजणीला आलेय. तुमचा अर्ज होता."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली ती तिथेच थिजली. बेकरीतून नुकताच आलेला नवरा, भुवयांवर अजून पीठ, तिच्या मागे येऊन उभा राहिला. सासरे टेबलामागून उठले आणि त्यांनी बाईंना खुर्ची दिली.

"अर्ज? आमचा?" नवरा म्हणाला.

मोजणीच्या बाईंनी पिशवीतून कागद काढला. "खाते क्रमांक तुमचा. सही मात्र…" त्यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. "ही सही आहे की कोंबडी चालून गेलीये?"

"माझी आहे ती!" फाटकापलीकडून काकू म्हणाल्या. गल्लीत कोणी परकं आलं की काकूंना झाडांना पाणी घालायची आठवण व्हायची. मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता. बाईंनी त्यांनाही आत बोलावलं.

"सही तुमची आणि घर यांचं?"

"आमचा घरोबा आहे," काकू म्हणाल्या.

"असू दे. अर्ज मात्र झकास आहे हो. बावीस वर्षं नोकरी झाली माझी. आमच्याकडे अर्ज येतात ते शिव्यांचे नाहीतर रडण्याचे. हा आम्ही टेबलावर मोठ्याने वाचला. 'माणसाची उंची मोजून त्याचा पगार ठरवणं!' आमचे साहेब बुटके आहेत, त्यांना फार आवडलं." त्यांनी टेप सोडवली. "चला, बघू. अर्जात म्हटलंय, दुकान म्हणून पट्टी लागते पण धंदा नाही. खरंच नसेल तर वापर बदलता येतो. साडेतीनचा एक पट होईल. मग पुढची खोली एकोणपन्नासावरून चौदावर. पट्टी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरली की. तर सांगा, धंदा चालू की बंद?"

टेपेचं टोक टेबलावर टेकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सुनेने सासऱ्यांकडे बघितलं. ताजी दाढी, डाव्या गालावर राहिलेला साबणाचा एक ठिपका. तिला बारा दिवसांचे ते पांढरे खुंट आठवले. पट्टी गेली चुलीत.

"चालू!" ती म्हणाली. "चालू म्हणजे काय, छान चालू आहे."

"जोरात," नवरा म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून तो जरा जास्तच बोलला. "रांग लागते."

"रांग?" बाईंनी भुवया वर केल्या. "कुठे?"

"बाहेर. छपराखाली. त्या बाकापासून फाटकापर्यंत."

बाईंनी बाहेर जाऊन छपराखालची जागा मोजली. "तीन चौरस मीटर. गिऱ्हाइकं थांबायची जागाही धंद्यात धरतात, माहितीये ना? चौदा आणि तीन सतरा. सतरा साडेतीन पटीने साडेएकोणसाठ."

नवऱ्याच्या भुवईवरचं थोडं पीठ गळून खाली पडलं.

"रांग म्हणजे," सून घाईने म्हणाली, "इतकी पण नाही. एक-दोन माणसं. उभीच असतात."

"अगं, मी स्वतः त्या बाकावर तास तास बसलेय!" काकूंना वाटलं, आता आपणही हातभार लावला पाहिजे. "माझी कंबर दुखते, तरी बसते. कामच इतकं पडलेलं असतं बाबांकडे. नुसत्या कागदांचे गठ्ठे! आत बोळात ठेवलेत ते बघा."

बाई बोळात गेल्या. तिथे खरोखरच कोऱ्या कागदाचे तीन गठ्ठे होते, सात वर्षांपूर्वी सवलतीत घेतलेले. वर मुलीचे बूट आणि छत्रीचा एक मोडका दांडा. "साठवणीची जागा," बाई लिहीत म्हणाल्या, "दोन चौरस मीटर. एकूण एकोणीस. एकोणीस साडेतीन पटीने साडेसहासष्ट."

सुनेने काकूंच्या पायावर पाय दिला. काकू "आई गं" म्हणाल्या, आणि मग "मुंगी" म्हणाल्या.

मोजणीच्या बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "एक विचारू? बावीस वर्षांत मी दोन हजारांच्यावर घरं मोजली. लोक टेपेचं टोक पायाखाली दाबून धरतात, खोली दोन बोटं तरी लहान दिसावी म्हणून. एकाने तर दुकानात पलंग टाकून आजीला निजवलं होतं, राहती जागा दाखवायला. आजीच्या उशाखाली गल्ला. आणि तुम्ही? तुम्ही तर टेप ताणताय. मी आणखी तासभर बसले तर छतही मोजायला लावाल."

"आम्ही सरळ माणसं आहोत," नवरा म्हणाला.

"ते दिसतंयच."

"बाई," सासरे पहिल्यांदाच बोलले, "ती जुन्या घराची सूट म्हणालात ना, ती कशी असते?"

"घसारा. दर दहा वर्षांना थोडा दर उतरतो, काका. घर जितकं म्हातारं तितकी पट्टी कमी."

"मी चौऱ्याहत्तरचा. मला किती बसेल?"

बाई खळखळून हसल्या. "माणसांना घसारा नाही हो. माणसं तशीच्या तशी मोजावी लागतात." मग पुन्हा पेन हातात घेऊन म्हणाल्या, "हे बघा, तोंडी मला चालत नाही. धंदा चालू आहे ना? मग अलीकडे केलेलं काम दाखवा. म्हणजे मी साडेसहासष्ट लिहून मोकळी."

सून म्हणणार होती की कागद गिऱ्हाइकं घेऊन जातात, इथे काही राहत नाही. पण सासऱ्यांनी आधीच टेबलाचा खालचा खण ओढला होता. त्यातून त्यांनी एक जाड फाईल काढली आणि दोन्ही हातांनी बाईंसमोर ठेवली. प्रत्येक अर्जाची तिसरी प्रत ते ठेवून घेत, हे सुनेला माहीत होतं. पण या प्रतींना कोणी नाडी बांधेल, वर क्रमांक घालेल आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका टाईप करेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

बाई वाचायला लागल्या. आधी घाईने, मग सावकाश. पाण्याच्या अर्जाशी त्यांचे खांदे हलायला लागले. दिव्याच्या अर्जाशी त्यांनी पदराने डोळे पुसले. "आणि हा कोण? 'माझ्या शेजाऱ्याचा कोंबडा सरकारी सुट्टीच्या दिवशीही आरवतो, त्याला सुट्ट्यांची यादी पाठवावी.' कोणी लिहिलाय हा?"

"चावीवाल्याने," सून म्हणाली. तिचे कान तापले होते.

"आणि हा पाण्याचा?"

"इस्त्रीवाला."

"इस्त्रीवाल्याला सासू आहे?"

"असेल की," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना असते."

बाईंनी फाईल मांडीवर ठेवली. आता त्या हसत नव्हत्या, पण त्यांचा चेहराही कठीण झाला नव्हता. "चाळीस-पन्नास माणसांचे अर्ज आहेत हे. आणि यातला एकसुद्धा आमच्या कचेरीत आल्याचं मला आठवत नाही. आले असते तर आम्ही असे विसरलो नसतो. एकच आला, तो हा घरपट्टीचा." त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. "तो घेऊन तुम्ही स्वतः आला होतात, काका. खिडकीशी मीच होते. शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारायला लावलात."

"बाबा?" नवरा म्हणाला.

वर्षभर सुनेने एकेक गोष्ट सांभाळली होती: कोण कधी जाणार, कोणाच्या हाती सुटे पैसे द्यायचे, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कधी डावीकडे झुकवायचं, कधी उजवीकडे. आता ते सगळं टेबलावर मांडलं होतं, नाडीने बांधून.

"मी असं करते," मोजणीच्या बाई हळूच म्हणाल्या. "या सगळ्यांचं मी काहीही ऐकलेलं नाही. मी फक्त तुम्हाला विचारते, काका. धंदा तुमचा. मी रकान्यात काय लिहू?"

नवरा पंख्याकडे बघायला लागला. काकूंना आपल्या चपलेत काहीतरी सापडलं.

"चालू लिहा!" सून म्हणाली. आवाज तिच्याच कानाला चिरका लागला. "साडेसहासष्ट तर साडेसहासष्ट. आम्ही भरू. बाबांना सकाळी… म्हणजे दुकान आहे, म्हणून ते…"

"सूनबाई," सासरे म्हणाले, "बस जरा."

ती बसली, कोपऱ्यातल्या कागदाच्या पेटीवर.

"पहिला अर्ज आला तेव्हा मला खरंच गिऱ्हाईक वाटलं," सासरे म्हणाले. ते बाईंशी बोलत होते, पण बघत होते मशीनकडे. "तिसऱ्याला संशय आला. पाचव्यात वाण्याच्या पुडीवरचं एक वाक्य होतं. ती पुडी मीही वाचली होती. या घरात दोघांना ती खोड आहे. मग मी म्हटलं, आपण बोललो तर ही लिहायची थांबेल. लाजेल. ही थांबली असती तर मला सकाळी उठून करायला काय होतं? म्हणून गप्प बसलो. नंतर नंतर तर, बाई, पुढचा कधी येतो म्हणून मी दाराकडे डोळे लावून बसायचो. त्या कोंबड्याच्या अर्जाला दोन आठवडे लागले. मला वाटलं, आजारी आहे की काय."

"बाबा, मी…" सून म्हणाली.

"साठ अर्ज खोटे होते," सासरे म्हणाले. "छान होते, पण खोटे. साठ वेळा मी ते खणात ठेवले. एकसष्टावा आला तो मी टाईप केला आणि माझा हात थांबला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. क्रमांकसुद्धा. खरा अर्ज खणात ठेवायचा नसतो. चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. म्हणून सदरा घातला आणि गेलो."

मोजणीच्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"रांग नाही," सासरे म्हणाले. "गोदाम नाही. वर्षभर इथे एकच गिऱ्हाईक येतं, दर वेळी दुसऱ्याच्या पायाने, आणि ते राहतं याच घरात. घरातली एक बाई लिहिते, घरातला एक म्हातारा ते टाईप करतो. उद्याही करणार आहे, परवाही. त्याला राहती जागा म्हणत असाल तर तसं लिहा." त्यांनी मशीनच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली, बोटाकडे बघितलं आणि मग सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, जणू अवघड मजकूर सगळ्यांना नीट ऐकू जावा. "दुकान बंद झालंय."